पदवीवरचे नाव

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या मुली आज ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, ते १९९० साली स्थापन झाले. २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. ते नाव नीट वाचा बरे! जळगावजवळच्या असोद्याच्या या लेकीला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर सुचलेली तिची गाणी घरच्यांनी कागदावर उतरवली, म्हणून उरली. १९५२ साली ती छापून आली, तेव्हा ती हयात नव्हती. जळगावच्याच मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या. बुद्धी दोघींपाशी होती. शाळा मात्र एकीलाच लाभली. तेव्हा मायबापहो, लेकीला ‘आता शिक्षण पुरे’ म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्या: प्रत्येकीचे गाणे लिहून घेणारे घरात कोणी असतेच असे नाही. तिचे तिलाच लिहू द्या.