दर गुरुवारी तीन अक्षरे : हिशेबाच्या कॉपीची झडती कशी घ्यावी?

धंदा छोटा असो वा मोठा, हिशेबाची वही हा त्याचा कणा. पूर्वी ही वही लाल कापडात गुंडाळून गल्ल्याजवळ ठेवली जात असे. दुकानात पाणी शिरले तर मालक माल सोडून आधी वही उचलत असे. आता वही कॉम्प्युटरमध्ये गेली आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. म्हणूनच ती जागेवर आहे की नाही हे पाहण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. या गाफीलपणाची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. ती हकीकत आणि तिच्यावरचा बिनखर्चाचा उपाय आज वाचक बांधवांपुढे ठेवत आहोत.

पेन ड्राइव्ह होता, हिशेब नव्हता

आमचा बाइंडिंगचा लहानसा कारखाना आहे. शाळांच्या वह्या, बिलबुके, पावतीपुस्तके असे काम चालते. आठ कारागीर नगावर मजुरी घेतात. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी हप्ता. हप्ता वाटून झाला की आमचा मुलगा कॉम्प्युटरवरच्या एका चिन्हावर दोनदा क्लिक करी आणि हिशेबाची कॉपी पेन ड्राइव्हमध्ये उतरे. दर गुरुवारी त्या दिवसाच्या तारखेचे एक नवे फोल्डर तयार होई. ही सोय हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या माणसाने करून दिली होती.

२०१९ साली बकरीदनंतरच्या आठवड्यात कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बंद पडली. आम्ही निर्धास्त होतो. पेन ड्राइव्ह लावला. आत ८ ऑगस्टचे फोल्डर होते. पण उघडून पाहतो तर हिशेब ३१ मार्चला संपलेला! एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष सुरू झाले, तेव्हा त्या माणसाने नव्या वर्षाचा हिशेब नव्या फोल्डरमध्ये सुरू करून दिला होता. कॉपी काढणारी सोय मात्र जुन्याच फोल्डरला जोडलेली राहिली. चार महिन्यांहून अधिक काळ आम्ही दर गुरुवारी त्याच जुन्या हिशेबाची नवी नक्कल काढत होतो. फोन केला तर त्याचे उत्तर, "कॉपी तर निघत होती ना?"

जीएसटी नंबर असलेल्या ग्राहकांची बिले भरलेल्या विवरणांतून परत मिळाली. बँकेचे पासबुक होते. पण किरकोळ उधारी आणि कारागिरांची उचल कुठून आणणार? आमच्याकडचे सर्वांत जुने बाइंडर, ज्यांना सारे चाचा म्हणतात, ते म्हणाले, "शेट, रमजानमध्ये पाच हजार उचलले होते, त्यातले तीन मी फेडलेत." आमच्याकडे हो म्हणायला कागद नव्हता, नाही म्हणायलाही नव्हता. आम्ही त्यांचा शब्द मानला. दोन महिन्यांनी गल्ल्याच्या खणात तीन हजारांची चिठ्ठी सापडली. चाचांचा शब्द खरा होता. पण हिशेब आम्ही हरवला आणि खरेपणा त्यांना सांगावा लागला, याची खंत आजही आहे.

तीन अक्षरांची कमांड

हे सारे टाळता आले असते. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर नको होते, इंजिनिअर नको होता. विंडोज असलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक कमांड आधीपासून असते. डी, आय आणि आर ही इंग्रजी तीन अक्षरे, म्हणजे "डिर". काम एकच : सांगितलेल्या जागेत कोणत्या फाइल आहेत, त्या किती मोठ्या आहेत आणि शेवटच्या कधी बदलल्या, याची यादी समोर मांडणे. ही कमांड फक्त दाखवते, काहीही बदलत नाही की पुसत नाही. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

कृती अशी. कीबोर्डवरची विंडोजच्या चिन्हाची कळ दाबून धरा आणि आर दाबा. लहान चौकट उघडेल. तीत इंग्रजीत सी, एम, डी टाइप करून एंटर दाबा. काळा पडदा येईल. पेन ड्राइव्हला कॉम्प्युटरने ई हे अक्षर दिले असेल, तर डिर लिहून एक जागा सोडा, मग ई आणि त्याला लागून दोन टिंबांचे चिन्ह, म्हणजे कोलन. पुन्हा एक जागा सोडून तिरपी रेघ (प्रश्नचिन्हाच्या कळीवर असते ती) आणि एस, पुन्हा जागा सोडून तिरपी रेघ, ओ आणि डी. एंटर दाबा.

यातला एस म्हणजे फोल्डरांच्या आतली फोल्डरेही उघडून दाखव. ओ-डी म्हणजे तारखेच्या क्रमाने लाव, जुने वर आणि नवे खाली. हा क्रम प्रत्येक फोल्डरचा वेगळा लागतो. म्हणून ज्या फोल्डरमध्ये हिशेब आहे त्याच्या यादीची शेवटची ओळ पाहावी. सर्वांत ताजी फाइल तिथे असते. ती आजच्या किंवा कालच्या तारखेची नसेल, तर दुकान बंद करण्याआधी चौकशी करावी.

रकाने कसे वाचावेत

यादीतली प्रत्येक ओळ खतावणीच्या नोंदीसारखी असते. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात वेळ. ही फाइल शेवटची बदलल्याची वेळ आहे, कॉपी काढल्याची नव्हे. हा फरक नीट लक्षात घ्यावा. विंडोजमध्ये फाइलची साधी कॉपी काढली तरी बदलल्याची जुनी तारीख तशीच सोबत जाते. म्हणून मार्चमध्ये शेवटची बदललेली फाइल ऑगस्टमध्ये उतरवली तरी यादीत मार्चच दिसतो. आमच्या पेन ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइलवर मार्च महिना लिहिलेला होता. वाचणारा कोणी नव्हता. कॉपी कधी उतरली हे पाहायचे असेल, तर कमांडच्या शेवटी तिरपी रेघ, टी आणि सी जोडावे. मग फाइल त्या जागी तयार झाल्याची तारीख दिसते.

तिसऱ्या रकान्यात आकार, बाइट या मापात. साधारण एक अक्षर म्हणजे एक बाइट. जिथे शून्य लिहिले आहे ती फाइल नावापुरती आहे, आत काही नाही. मूळ फाइल आणि तिची कॉपी यांचे आकडे अगदी सारखे असले पाहिजेत. वजनकाट्यावर माल घेताना जी नजर ठेवतो, तीच इथे ठेवावी. आकड्याच्या जागी टोकदार कंसात डिर हाच शब्द आला, तर ती फाइल नसून फोल्डर आहे. चौथ्या रकान्यात नाव. यादीच्या शेवटी एकूण फाइल किती, एकूण बाइट किती आणि किती जागा मोकळी आहे, याची बेरीज येते.

फसगतीच्या जागा

पहिली फसगत फोल्डरच्या तारखेची. कॉपी करताना नवे फोल्डर तयार झाले की त्यावर त्या दिवसाची तारीख पडते, आतला माल कितीही जुना असो. खोक्यावरचे लेबल नवे, आत जुना स्टॉक. आम्ही नेमके इथेच फसलो. म्हणून फोल्डरची तारीख पाहून समाधान मानू नये, आतल्या फाइलची पाहावी.

दुसरी फसगत शॉर्टकटची. पडद्यावरचे चिन्ह उचलून पेन ड्राइव्हमध्ये टाकले की हिशेब गेला असे अनेकांना वाटते. बहुतेक वेळा ते चिन्ह म्हणजे फाइलकडे जाणारी वाट असते, फाइल नव्हे. यादीत अशा नावाच्या शेवटी टिंब आणि एल, एन, के ही अक्षरे दिसतात आणि आकार हजार-दोन हजार बाइटच्या आसपास असतो. वर्षभराचा हिशेब एवढ्यात मावत नाही.

तिसरी फसगत व्हायरसची. झेरॉक्स, फोटो आणि छपाईच्या दुकानांत अनेकांचे पेन ड्राइव्ह लागतात. काही व्हायरस खऱ्या फाइल लपवतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतात. माणूस समजतो, सगळे गेले, आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून बसतो. घाई करू नये. कमांडच्या शेवटी तिरपी रेघ आणि ए जोडले की लपवलेल्या फाइलही यादीत येतात. यादी रिकामी दिसत असूनही मोकळी जागा कमी भरत असेल, तर माल आतच आहे असे समजावे. त्या शॉर्टकटांवर क्लिक न करता पेन ड्राइव्ह जाणकाराकडे न्यावा.

चौथी गोष्ट खुद्द कॉम्प्युटरच्या घड्याळाची. जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल उतरला की मशीन बंद करताच घड्याळ मागे जाते आणि फाइलवर भलत्याच तारखा पडतात. सेल स्वस्तात मिळतो, तो बदलून घ्यावा. काही मशीनवर अमेरिकी पद्धतीने आधी महिना, मग दिवस येतो. तिथे ५ जुलै आणि ७ मे यांचा घोळ होतो. आणि एक लक्षात असू द्यावे : या तारखा ठरवून बदलताही येतात. आपल्या तपासणीला त्या पुरेशा आहेत, भांडणात अखेरचा पुरावा म्हणून नाहीत.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी

काही बांधवांची मुले लिनक्स वापरतात, आणि दुकानाची वेबसाइट असेल तर तिचा सर्व्हरही बहुधा लिनक्सवर असतो. तिथे हेच काम एल आणि एस ही दोन अक्षरे करतात. ही कमांड युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तकातही होती. पुढे जागा सोडून आडवी रेघ आणि एल जोडले की सविस्तर ओळ येते : परवानग्या, मालकाचे नाव, गटाचे नाव, आकार, तारीख आणि फाइलचे नाव. परवानग्यांत आर म्हणजे वाचणे, डब्ल्यू म्हणजे लिहिणे, एक्स म्हणजे चालवणे. आधी मालकाचे तीन अधिकार, मग गटाचे तीन, शेवटी इतरांचे तीन. हिशेबाच्या फाइलवर शेवटच्या तिनांत डब्ल्यू दिसला, तर त्या मशीनवरच्या कोणालाही तुमच्या वहीत लिहिता येते असा अर्थ. इथे फाइल सहा महिन्यांहून जुनी असली की तारखेपुढे वेळेऐवजी वर्ष दिसते. कॉपीवर वर्ष दिसले की सावध व्हावे.

कागदावर उतरवा

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशेब आणि कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. सहा वर्षांत मशीन बिघडणार, हे धरूनच चालावे. घरी शिलाई किंवा जरीकाम करणाऱ्या भगिनींनाही हे लागू आहे, मग त्यांचा हिशेब लहान का असेना. कायद्याने नव्हे, तर त्यांच्या मेहनतीच्या पैशासाठी.

आम्ही आता असे करतो. गुरुवारी कॉपी निघाली की डिरची यादी पडद्यावर पाहतो. मग तीच कमांड पुन्हा देऊन शेवटी उजवीकडे टोक असलेला कंस आणि एका नव्या फाइलचे नाव लिहितो. यादी पडद्याऐवजी त्या फाइलमध्ये उतरते. ती छापून रजिस्टरला चिकटवतो आणि मुलगा सही करतो. महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या मशीनवर खरोखर उघडून शेवटचे बिल पाहतो, कारण तारीख आणि आकार बरोबर असूनही फाइल आतून खराब असू शकते. दोन पेन ड्राइव्ह आहेत, एक कारखान्यात आणि एक घरी.

या सगळ्याला पाच-सात मिनिटे लागतात. गेल्या गुरुवारी हप्ता घेऊन निघताना चाचांनी विचारले, "शेट, माझी उचल चढली का त्यात?" आम्ही त्यांना यादीतली शेवटची ओळ दाखवली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण तारखेचे आकडे वाचता येतात. तारीख आजची होती.