ठरावाची भाषा आणि निर्वाचित स्त्रियांचे प्रशिक्षण

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील किमान एक तृतीयांश जागा व अध्यक्षपदे स्त्रियांसाठी राखून ठेवली. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली, आणि २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. गावच्या कारभारात स्त्रियांचा प्रवेश त्यामुळे निश्चित झाला. परंतु प्रवेश आणि अधिकार या गोष्टी एक नव्हेत. त्या दोहोंमधील अंतर पुष्कळ अंशी भाषेचे आहे. निर्वाचित स्त्रियांच्या प्रशिक्षणाचा विचार करताना अधिनियमातील कलमांइतकेच या अंतराकडेही लक्ष दिले पाहिजे.

ग्रामपंचायतीचा निर्णय ठरावाच्या रूपाने सिद्ध होतो. ‘सदर विषयावर चर्चा होऊन खर्चास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली’ हे त्याचे नेहमीचे स्वरूप. मंजुरी कोणी दिली, याचे उत्तर हे वाक्य देत नाही. ‘-ण्यात येणे’ या रचनेत कर्ता लोपलेला असतो. नावानिशी उरतात ते केवळ सूचक आणि अनुमोदक. घरात व शेतात ‘आम्ही पैसे दिले’ असे बोलणाऱ्या स्त्रीला हे वाक्य कोणा परक्या सत्तेचे वाटावे, यात नवल नाही. वस्तुतः तो निर्णय तिचाच असतो.

‘सरपंच’ या शब्दाचेही असेच आहे. त्याचे स्त्रीलिंगी रूप वेगळे नाही. ‘सरपंच म्हणाल्या’ असे लिहिले तरच लिंगाचा बोध होतो. इतिवृत्तात मात्र ‘सरपंच यांनी सूचना मांडली’ असे लिहितात. तेथे क्रियापद ‘सूचना’ या कर्माशी जुळते आणि बोलणारी व्यक्ती स्त्री होती की पुरुष, हे उमगत नाही. सभेत पती बोलला व नोंद पत्नीच्या पदनामाने झाली, तरी वाक्यावरून ते ओळखता येणार नाही. लोकव्यवहारात रूढ झालेला ‘सरपंचपती’ हा शब्द कोणत्याही अधिनियमात नाही. परंतु त्या शब्दामागील वस्तुस्थितीला इतिवृत्ताची भाषा आडोसा देते.

व्याकरणात कर्ता लोपला तरी कायद्यात तो लोपत नाही. ग्रामनिधीतील रक्कम सरपंच व सचिव यांच्या संयुक्त सहीने काढली जाते. आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ अन्वये कर्तव्यातील गैरवर्तनासाठी सरपंचास पदावरून दूर करता येते. जबाबदारी सहीला चिकटते. इतिवृत्ताच्या शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ या शीर्षकाखाली कोरी जागा ठेवून सही घेतली गेली, तर पुढे तेथे लिहिलेल्या मजकुराचीही जबाबदारी सही करणारीवर येऊ शकते.

यावरून प्रशिक्षणाची दिशा सुचते. प्रत्येक ठराव मोठ्याने वाचून ‘हे कोणी केले?’ असे विचारावे आणि उत्तर साध्या कर्तरी वाक्यात द्यावे. कोऱ्या जागेवर रेघ मारल्यावाचून सही करू नये. परिभाषेचा परिचय परिचितापासून अपरिचिताकडे व्हावा. ‘घरपट्टी’ प्रत्येकीस ठाऊक असते. तिच्यावरून ‘कर आकारणी’ व नमुना ८ ची नोंदवही समजणे सोपे जाते. घरखर्चाचा हिशेब ठेवणारीस नमुना ५ ची रोकड वही अगम्य राहण्याचे कारण नाही.

अडचण केवळ लेखी भाषेची नाही. सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर सुनेने मोठ्याने बोलू नये, त्यांचे नाव घेऊ नये, हा संकेत अनेक घरांत अद्याप पाळला जातो. आणि सभेत तेच वडीलधारे समोर बसलेले असतात. ‘सन्माननीय सदस्य’ हे औपचारिक संबोधन येथे उपयोगी पडते, कारण ते नात्याऐवजी पदाला उद्देशून असते. ग्रामसभेपूर्वी होणारी महिलासभा ही अशा बोलण्याच्या सरावाची स्वाभाविक जागा होय. गडचिरोलीत गोंडी किंवा नंदुरबारमध्ये भिली बोलणाऱ्या स्त्रियांना तर प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा आहे. तेथे समजावणी त्यांच्या भाषेतच व्हावयास हवी.

अधिनियमाचे ज्ञान आवश्यक आहेच. परंतु आपल्या नावाने लिहिलेले वाक्य जिला वाचता येते, ते अमान्य असल्यास बदलून मागता येते आणि तोवर सही रोखून धरता येते, तिच्याच हाती कायद्याने दिलेला अधिकार प्रत्यक्षात येतो.