स्थानिक चित्रसंग्रहाचे वाचन : कोल्हापूरचे टाऊन हॉल संग्रहालय

ब्रह्मपुरी टेकडीवरील १९४५-४६ च्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंच्या जतनासाठी कोल्हापूरचे संग्रहालय १९४६ मध्ये सुरू झाले. पुढे ते टाऊन हॉलच्या वास्तूत आले. त्यामुळे येथे सातवाहनकालीन अवशेषांबरोबरच आबालाल रहिमान यांच्यासारख्या स्थानिक चित्रकारांच्या कृतीही पाहावयास मिळतात.

हे सान्निध्य अर्थपूर्ण आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थ तलावात बुडविली, असे सांगितले जाते. आख्यायिकेतील अतिशयोक्ती वगळली तरी त्यांची उपलब्ध चित्रे मर्यादितच आहेत. म्हणून उरलेले प्रत्येक चित्र हे उत्खनित अवशेषाप्रमाणेच मूळ साधन ठरते.

या दृष्टीने अभ्यासभेटीत सर्व दालने धावतपळत पाहण्यापेक्षा विद्यार्थ्यांना एकाच निसर्गचित्रासमोर थांबवावे. प्रकाशाची दिशा, पाण्याचा काठ, झाडी यांची नोंद करवून घ्यावी आणि ती रंकाळ्यावर किंवा पंचगंगेच्या घाटावर प्रत्यक्ष पडताळावी. बदललेल्या परिसराचा इतिहास त्यातूनच उलगडतो.

चित्र आणि चित्रविषय एकाच गावात असणे, हे स्थानिक संग्रहालयाचे खरे बलस्थान होय. मोठ्या शहरात हलविलेल्या चित्राचे सौंदर्य टिकते. हा पडताळा मात्र हरवतो.