मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घकालीन वेदनेचा प्रतिबंध

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर निर्माण झालेली किंवा वाढलेली आणि जखम भरून आल्यावरही किमान ३ महिने टिकणारी वेदना ही दीर्घकालीन वेदना मानली जाते. कंबरेच्या बाबतीत तिला पूर्वी 'फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम' म्हणत. शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही वेदना उरू शकते, त्यामुळे हे नाव दिशाभूल करणारे होते. ही वेदना टाळण्यासाठी भूल देतानाच केटामाइन व डेक्समेडेटोमिडिन ही औषधे एकत्र वापरण्याचा अभ्यास होत आहे.

भुलेमुळे रुग्ण बेशुद्ध असला, तरी कापलेल्या स्नायूंकडून आणि दुखावलेल्या चेतामुळांकडून येणारे संदेश मज्जारज्जूपर्यंत पोहोचतच असतात. त्यांच्या सततच्या माऱ्याने तेथील चेतापेशी अतिसंवेदनशील होतात व पुढे साध्या स्पर्शानेही वेदना होऊ शकते. या बदलात ग्लूटामेटच्या 'एनएमडीए' ग्राहींचा मोठा वाटा असतो. रेमिफेंटानिलसारखी अफूवर्गीय औषधे मोठ्या मात्रेत दिल्यास हीच संवेदनशीलता वाढू शकते, हा त्यातील विरोधाभास होय.

१९६२ मध्ये कॅल्विन स्टीव्हन्स यांनी प्रथम तयार केलेले केटामाइन हे ग्राही रोखते. एस्केटामाइन हे त्याचेच अधिक प्रभावी रूप आहे. डेक्समेडेटोमिडिन हे शामक औषध अल्फा-२ ग्राहींवर कार्य करून नॉरॲड्रेनॅलिनचा स्राव कमी करते. त्याने येणारी गुंगी नैसर्गिक झोपेसारखी असते आणि श्वसन फारसे मंदावत नाही. केटामाइनमुळे रक्तदाब व नाडीचा वेग वाढतो आणि भास होऊ शकतात, तर डेक्समेडेटोमिडिनमुळे रक्तदाब व नाडीचा वेग उतरतो. त्यामुळे एकाचे दुष्परिणाम दुसऱ्याने काही अंशी सावरले जातात. मणक्याच्या शस्त्रक्रियेत मज्जारज्जूतील विद्युतसंदेशांवर लक्ष ठेवावे लागते. भुलेचे वायू हे संदेश दडपतात, कमी मात्रेतील केटामाइन मात्र तसे करत नाही.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, आधीपासून अफूवर्गीय औषधे घेणाऱ्या व पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या १०२ रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. शस्त्रक्रियेदरम्यान केटामाइन दिलेल्यांना पहिल्या ४८ तासांत मॉर्फिन कमी लागले आणि ६ आठवड्यांनंतरही त्यांची वेदना कमी होती. ६ आठवडे म्हणजे ३ महिने नव्हेत, आणि त्या चाचणीत तपासले गेले ते एकटे केटामाइन. अल्पकालीन वेदना कमी होणे आणि दीर्घकालीन वेदना टळणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, दुसरीविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. वृद्ध तसेच मंद नाडी असलेल्या रुग्णांमध्ये डेक्समेडेटोमिडिनची मात्रा भूलतज्ज्ञ जपून ठरवतात.