१२९ अंकी कुलूप

कागद-पेन्सिल घ्या आणि ७१ ला ८९ ने गुणा. मिनिटभरात ६,३१९ हे उत्तर येईल. आता हाच आकडा घरातल्या शाळकरी मुलाला द्या आणि त्याचे अवयव पाडायला सांगा. बिचारा ३ ने, ७ ने, ११ ने भाग देत बसेल. कारण ७१ आणि ८९ या दोन्ही मूळ संख्या. १ आणि स्वतःखेरीज त्यांना कशानेही भाग जात नाही. गुणाकार सोपा, अवयव पाडणे कठीण!

या कठीणपणाचेच कुलूप १९७७ साली अमेरिकेच्या 'एमआयटी' या संस्थेतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी बनवले. एक ६४ अंकी आणि एक ६५ अंकी मूळ संख्या गुणून त्यांनी १२९ अंकी संख्या तयार केली. तिची सुरुवात ११४३८ अशी, तर शेवट ५४१ असा. तिच्या आधारे एक छोटासा निरोप आकड्यांच्या सांकेतिक भाषेत बदलला आणि मार्टिन गार्डनर यांच्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरातून वाचकांना आव्हान दिले : निरोप वाचून दाखवा, १०० डॉलर मिळवा. संख्या सर्वांसमोर छापलेली होती. गुपित होते ते फक्त तिचे दोन अवयव. ते शोधायला चारावर सोळा शून्ये इतकी वर्षे लागतील, असा रिव्हेस्ट यांचा अंदाज होता. विश्वाच्या वयाच्या लाखो पट!

कुलूप टिकले जेमतेम सतरा वर्षे. मधल्या काळात गणितज्ञांना 'चाळणी'ची नवी रीत सापडली. तिच्यात एकेका संख्येने भाग देत बसावे लागत नाही. लाखो बारीकसारीक दुवे गोळा करून शेवटी ते एकत्र जुळवले जातात. दुवे गोळा करण्याचे काम वाटून घेता येते. सुमारे ६०० हौशी मंडळींनी आपले संगणक रिकाम्या वेळात या कामाला जुंपले आणि आठ महिन्यांनी, एप्रिल १९९४ मध्ये, अवयव हाती आले. निरोपात काय होते? 'जादूचे शब्द' म्हणून हाडे फोडून खाणाऱ्या, पण नाजूक मनाच्या एका गिधाडाचे नाव! तो कुणी वाचेल असे वाटलेच नव्हते, मग अर्थाची फिकीर कोण करणार?

२०२० मध्ये २५० अंकी संख्याही फुटली. म्हणून इंटरनेटवरील व्यवहारांसाठी आता ६१७ अंकी संख्या सर्रास वापरतात. आजचे संगणक तिच्यापुढे हात टेकतात. पण त्याच १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिले की, क्वांटम संगणकाला असे अवयव झटपट पाडता येतील. त्यासाठी लागणारे मोठे यंत्र अजून कुणाला बनवता आलेले नाही. तरीही अमेरिकेने २०२४ मध्ये, अवयवांवर मुळीच अवलंबून नसलेल्या नव्या कुलपांचे नमुने जाहीर करून टाकले आहेत.