कर्जत लोकल बदलली कशी?

कळंबहून मुंबईला निघायचं तर आधी नेरळ गाठावं लागतं. तिथून पुढे लोकल. एकदा आम्ही शाळेतल्या काही मुलांबरोबर नेरळच्या फलाटावर गाडीची वाट पाहत होतो. एका मुलीनं विचारलं, "बाबा म्हणतात, पूर्वीची लोकल सुटताना धक्के द्यायची. मग या नव्या गाड्या एकदम आल्या का? रूळ तर तेच आहेत!"

प्रश्न चांगला होता. रूळ तेच होते हे खरं. पण विजेची गाडी नुसत्या रुळांवर चालत नाही. ती वरच्या तारेवरही चालते. मुंबईच्या लोकल बदलायच्या म्हणजे ही तारच बदलायची होती, आणि तीही लाखो माणसांची रोजची ये-जा चालू ठेवून.

तारेतली वीज

भारतातली पहिली विजेवर चालणारी रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. तारेत १५०० व्होल्टची दिष्ट धारा, म्हणजे डीसी होती. पुढच्या पाचेक वर्षांत ही तार कर्जतवरून घाट चढून पुण्यापर्यंत गेली. त्या काळी डीसी निवडण्याला कारण होतं. डीसी मोटर सुरुवातीला, गाडी थांबलेली असतानाच, सर्वांत जास्त जोर लावते. जड गाडी हलवायला हेच हवं असतं.

पण १५०० व्होल्ट हा दाब आगगाडीसाठी कमी आहे. थोडं गणित करू. समजा, सुटताना एका लोकलला ३० लाख वॅट शक्ती लागते. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. तेव्हा १५०० व्होल्टच्या तारेतून २००० अँपिअर धारा घ्यावी लागेल. हेच विभवांतर २५,००० व्होल्ट असेल, तर १२० अँपिअर पुरतील.

तारेत उष्णतेच्या रूपानं वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा सुमारे १७ पट कमी झाली, तर त्याच तारेतला तोटा सुमारे २७८ पट कमी होतो! हा तोटा आवरण्यासाठी डीसी मार्गावर जाड तारा आणि थोड्याथोड्या अंतरावर वीज उपकेंद्रं लागतात. २५ हजार व्होल्टच्या एसी मार्गावर तार हलकी चालते आणि उपकेंद्रं कितीतरी दूर दूर ठेवता येतात.

हे तत्त्व आपल्या परिसराला नवं नाही. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचवताना विभवांतर असंच खूप वाढवलेलं होतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय रेल्वेनं नव्या मार्गांसाठी २५ हजार व्होल्ट एसीची पद्धत स्वीकारली. मुंबईभोवतीचा पट्टा मात्र डीसीच राहिला. त्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन इगतपुरीला बदलावं लागे.

(इथे एक गोंधळ टाळू या. मुलं 'एसी लोकल' म्हणतात ती वातानुकूलित गाडी. ती मुंबईत २५ डिसेंबर २०१७ पासून धावू लागली. आपण बोलतो आहोत ती एसी म्हणजे प्रत्यावर्ती धारा. आज साधी लोकलही तिच्यावरच चालते.)

आधी गाडी की आधी तार?

जुन्या डीसी गाडीला २५ हजार व्होल्टची तार चालत नाही. केवळ एसीवर चालणारी गाडी डीसी तारेखाली निरुपयोगी. सगळी तार एका रात्रीत बदलता येत नाही, आणि सगळ्या गाड्याही एका रात्रीत मिळत नाहीत. मग सुरुवात कुठून करायची?

उत्तर होतं दोन्ही तारा 'ओळखणारी' गाडी. अशा नव्या बनावटीच्या गाड्या २००७ च्या अखेरीस मुंबईत धावू लागल्या. त्यांची रचना ढोबळमानानं अशी: एसी तारेखाली रोहित्र विभवांतर कमी करतं, मग एसीची डीसी केली जाते. डीसी तारेखाली हा टप्पा लागतच नाही. पुढचं काम दोन्हीकडे सारखंच. इलेक्ट्रॉनिक साधनं त्या डीसीपासून हव्या त्या वारंवारितेची तीन-फेज एसी तयार करतात आणि ती मोटरला देतात.

या मोटरला जुन्या मोटरसारखे झिजणारे ब्रश नसतात. वारंवारिता हळूहळू वाढवता येत असल्यामुळे गाडी सुटताना धक्के बसत नाहीत. जुन्या गाडीत मोटरसमोरचे रोध टप्प्याटप्प्यानं काढले जात. बाबांना आठवणारे धक्के त्या टप्प्यांचे! शिवाय ब्रेक लावताना नव्या गाडीची मोटर जनित्रासारखी काम करते आणि वीज तारेत परत पाठवते. जवळपासची दुसरी गाडी ती वापरते.

मध्य रेल्वेवर तार बाहेरच्या टोकाकडून आत बदलत आली. कसारा बाजूला २००६ मध्ये काम झालं, मग टप्प्याटप्प्यानं कर्जत बाजूची आणि कल्याणच्या अलीकडची तार बदलली. जून २०१५ मध्ये ठाण्यापासून मुंबईपर्यंतचा मुख्य मार्ग एसी झाला. मधल्या काळात कर्जतची गाडी अर्धी वाट एका तारेखाली आणि अर्धी दुसऱ्या तारेखाली धावे. सीमेवर काही मीटर तार वीज नसलेली असे. मोटरमन वीज तोडत असे, गाडी वेगाच्या जोरावर तेवढा भाग ओलांडे आणि पुढे दुसऱ्या विजेवर चालू लागे. डब्यात बसलेल्यांना दिवे-पंखे क्षणभर बंद झाल्यापलीकडे काही कळत नसे. केवळ डीसीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांसाठीचं क्षेत्र असं आक्रसत गेलं. शेवटी हार्बर मार्ग तेवढा उरला. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री तिथली शेवटची डीसी लोकल धावली.

न दिसणारी कामं

तार बदलताना आणखीही बरंच बदलावं लागतं. मोटरमधून गेलेली धारा रुळांवाटे परत जाते. सिग्नललाही रूळच लागतात. रुळांच्या एका तुकड्यात बारीकशी धारा सोडलेली असते. गाडीची चाकं दोन्ही रूळ जोडतात, ती धारा रिलेपर्यंत पोचत नाही आणि सिग्नल लाल होतो. गाडीची आणि सिग्नलची धारा एकाच प्रकारची असेल तर रिले फसेल. म्हणून डीसी मार्गावर सिग्नलसाठी एसी वापरत. तार एसी करताना सिग्नलची यंत्रणाही बदलावी लागली.

दुसरी अडचण पुलांची. २५ हजार व्होल्टच्या तारेभोवती जास्त मोकळी हवा लागते. काही जुने पूल तारेच्या फार जवळ होते. काही ठिकाणी रूळ खाली घ्यावे लागले. सँडहर्स्ट रोडजवळचा जुना हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला गेला. ही कामं गाड्या बंद ठेवूनच करता येतात. रविवारच्या 'मेगाब्लॉक'ला आपण वैतागतो, पण अशी कामं त्याच वेळात होतात.

वर्गात सांगायलाच हवं असं

या तारेपासून जीव जायला तिला स्पर्श करावा लागत नाही. माणूस फार जवळ गेला तर वीज हवेतूनच उडी घेते. उभ्या मालगाडीच्या टपावर फोटोसाठी चढलेल्या मुलांचे मृत्यू असेच झाले आहेत. तारेपासून निदान दोन मीटर दूर राहावं, गाडीच्या टपावर कधीही चढू नये, स्टेशनजवळ लांब काठी किंवा ओली दोरी वर उचलू नये. रुळांलगतच्या गावांतल्या शाळांनी हे दरवर्षी सांगावं.

करून पाहा

टॉर्चचे दोन सेल आणि तीन व्होल्टचा छोटा बल्ब घ्या. वाइंडिंगची अगदी बारीक तांब्याची तार आणा. तिच्या टोकांवरचं वार्निश खरवडून काढा. आधी आखूड तारांनी बल्ब पेटवा, मग दहा-दहा मीटरच्या दोन तारा जोडून. बल्ब मंद होईल. आता बल्बच्या जागी १०० ओहमचा रोध आणि लाल एलईडी एकसर जोडा. आता तार लांब केली तरी प्रकाशात फारसा फरक दिसणार नाही. असं का? मुलांना आपापलं उत्तर लिहू द्या. कमी धारा, कमी तोटा, इथपर्यंत ती पोचली, की कर्जत लोकलची तार का बदलली हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.