बार कॉर्ड

बार कॉर्ड हा गिटारवादनातील सरकत्या कॉर्डचा प्रमुख प्रकार आहे. यात तर्जनी सर्व तारांवर आडवी दाबून धरतात. मानेच्या टोकावरील पट्टीचे, म्हणजे नटचे, काम तीच करते. मोकळी तार उरत नसल्याने तीच बोटरचना कोणत्याही पडद्यावर नेता येते आणि प्रत्येक पडद्यागणिक कॉर्ड अर्ध्या स्वराने चढते. ‘ई’ मेजरची रचना पहिल्या पडद्यावर ‘एफ’, तिसऱ्यावर ‘जी’, तर पाचव्यावर ‘ए’ मेजर होते. या रचनेत कॉर्डचे नाव सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवरील स्वरावरून ठरते. तेवढे स्वर पाठ असले की पुरे. नवशिक्यांना बहुधा आधी ‘एफ’ शिकवतात आणि तेथेच अनेकांचा धीर सुटतो. वास्तविक नटजवळ तारा दाबणे सर्वांत जड असते. पाचव्या पडद्यापासून आरंभ करणे सोपे जाते.